पुलापलीकडची कात्री

एक मेपासून पोलंड युरोपीय संघात येणार, म्हणून नदीकाठच्या आमच्या जर्मन गावाची झोप उडाली होती. ओडर नदीवरचा पूल ओलांडला की पोलंड. स्वस्तात राबणाऱ्या तिकडच्या लोकांचा लोंढा आधी आमच्याच अंगावर येणार, हे पोरासोरांनाही पाठ होतं.

गावात केस कापायचं दुकान एकच, माझं. दोन वर्षं गिऱ्हाईक रोडावत चाललं होतं. लोक म्हातारे झाले, टकलं पडली, अशी मी मनाची समजूत घालत होते. जूनपर्यंत जम बसला नाही तर दुकान बंद करायचं, हेही ठरवून टाकलं होतं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये निषेधसभा भरली. मला उशीर झाला, म्हणून मागेच भिंतीला टेकून उभी राहिले.

"ते येतील आणि आपल्या तोंडचा घास पळवतील!" माजी पोस्टमास्तर हार्टविग कडाडला. "आपल्या रोझविथाचंच बघा. बिचारीचं दुकान बुडालंच म्हणून समजा!"

टाळ्या पडल्या. मला भरून आलं.

डोळे पुसले तर समोर माना दिसल्या. तीस वर्षं याच माना मी साफ केल्यात, आणि मागची कड मी कायम गोल ठेवते. इथे रांगच्या रांग चौकोनी! माझ्या सख्ख्या जावेच्या केसांचा तांबडा रंग तर आमच्याकडे मिळतसुद्धा नाही.

"बोल ना रोझविथा, घाबरतेस कशाला?" हार्टविग म्हणाला.

"काय बोलू? ते यायची वाट कशाला बघता? तुम्हीच पुलापलीकडे जाऊन आलात की सगळे!"

हार्टविगचा हात आपसूक मानेवर गेला.

मला इतका संताप आला होता, की मेच्या पहिल्याच मंगळवारी मी पूल ओलांडला आणि हे सगळे जिच्याकडे केस कापतात त्या ग्राझिनाच्या दुकानात काम मागायला गेले. गिऱ्हाईक तिच्याकडे, तर मीही तिच्याकडेच! तिने कॉफी दिली. जर्मन ती माझ्यापेक्षा साफ बोलते.

"हात तुमचा चांगला आहे बाई, तुमच्याच गावचे लोक सांगतात," ती म्हणाली. "पण तुम्ही इथे दिसलात तर त्यांच्यातलं एक तरी माणूस आत येईल का?"

"न यायला काय झालं?"

"लाज वाटते हो त्यांना तुमच्यासमोर यायची. नाहीतर आजच ठेवलं असतं तुम्हाला."

जूनमध्ये मी दुकान बंद केलं. गावाला फार वाईट वाटलं. "आम्ही सांगतच होतो," म्हणाले.