एका घासाचे डोनट

"आमच्या बाबांना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, अख्खा डोनट चावता येईना. तेव्हा मला हे एका घासाचे डोनट सुचले," बेकरीचा मालक वार्ताहर मुलीला सांगत होता.

कढईपाशी डोनट तळणाऱ्या ताईंचा झारा हवेतच थांबला.

गोष्ट खरी होती, पण ती ताईंच्या नवऱ्याची होती. डोनटच्या मधून काढलेल्या पिठाच्या गोळ्या अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तळून, साखरेत घोळवून घरी नेल्या होत्या. आजारानंतर नवऱ्याने पहिल्यांदा काही आवडीने खाल्लं होतं. बेकरीत उरलेल्या गोळ्या मालकाने चाखल्या आणि आठवड्याभरात काचेच्या कपाटात मांडल्या. आता त्यांच्यासाठी रस्त्यापर्यंत रांग लागे. कल्पना लाटली, ते ताईंनी गिळलं होतं. पण माणसाचं दुखणंही लाटायचं?

मालकाचे बाबा गल्ल्यावर बसून टोस्ट कुरकुर चावत होते. ताई पुढे आल्या.

"ते तोंड माझ्या नवऱ्याचं आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "यांच्या बाबांचे सगळे दात शाबूत आहेत. बघा, टोस्ट खातायत."

बाबा चावायचे थांबले. मुलीचं पेन थांबलं.

"ताई, गिऱ्हाईक खोळंबलंय," मालक हसत म्हणाला. मग हलक्या आवाजात, "लोकांना काहीतरी सांगावं लागतं हो. तुमचं काय गेलं त्यात?"

ताईंनी गॅस बंद केला, एप्रन काढून पिठाच्या परातीवर टाकला आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या.

दुसऱ्याच दिवशी छापून आलं, ते मालकाच्या बाबांचंच. त्याच सकाळी बेकरीतल्या मॅनेजरचा फोन आला. "ताई, गोळ्या आतून कच्च्या राहतायत. रांग लागलीय. या ना."

"मालकाच्या बाबांना उभं करा कढईपाशी," ताई म्हणाल्या. "त्यांचंच आहे ना सगळं."

त्यांनी फोन ठेवला. खाटेवरून नवऱ्याने विचारलं, शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून येत होते, "आज... कामावर नाही?"

"सुटी आहे."

"अकरा वर्षांत... पहिलीच," तो म्हणाला आणि अर्ध्या तोंडाने हसला.

ताईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.