फोटोला हार

दहावीला सुवर्णा गणितात पहिली आली आणि रंगनाथ सरांनी तिचा फोटो क्लासच्या पाटीवर लावला. पाटी पंचवटीत, ऐन रस्त्यावर, जिन्याच्या तोंडाशी. फोटोतली सुवर्णा अशी बघत होती, जणू तिला न सुटणारं उदाहरण अजून छापून यायचं होतं.

बारावी सायन्सला ते छापून आलं. इंटिग्रेशन त्याचं नाव. गावच्या, मखमलाबादच्या शाळेत गणित मराठी बोलायचं. कॉलेजात ते इंग्रजी बोलायला लागलं आणि ओळख दाखवेना. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून "अंडरस्टूड?" विचारत आणि अख्खा वर्ग "येस सर" म्हणे. सुवर्णाचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा. सहामाहीत पन्नासपैकी सात मार्क पडले. घरी तिने सांगितलं, पेपर अजून तपासले नाहीत.

उपाय तसा सोपा होता. रंगनाथ सर रविवारी सकाळी शंकांचा तास घेत. जुन्या विद्यार्थ्यांना दार उघडं. अडचण एवढीच, की जिना त्या फोटोखालून वर जात होता.

सुवर्णा दर रविवारी तोंडाला ओढणी बांधून जायची. आपल्याच फोटोला चोरून बघायची आणि परत फिरायची. एकदा पहिल्या पायरीपर्यंत पोचली, तर वरून दोन लहान मुली उतरल्या. एक फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघ. हिला सगळं येतं." सुवर्णा सरळ समोरच्या दुकानात शिरली आणि गरज नसताना खोडरबर घेतलं. घरात खोडरबरं बरीच साठली होती.

मग दसरा आला. तिचे वडील भिमाजी झेंडूवाले. त्यांच्या घरी दसऱ्याला नांगर, टेम्पो, तराजू, विहिरीची मोटर, सगळ्यांना हार. पहाटे पंचवटीत माल विकून भिमाजी निघाला, तर एक हार उरला. समोर पाटी. "आपल्या घरचं सोनं तर राहूनच गेलं," असं म्हणत तो क्रेटवर चढला आणि लेकीच्या फोटोला हार घालून मोठ्या समाधानाने घरी आला.

फोटो पाटीवर पाच होते. हार एकालाच.

दुपारपर्यंत पंचवटी हळहळली. "बारावीचं टेन्शन घेतलं म्हणे." "हुशार पोरंच अशी जातात." रंगनाथ सर दसऱ्याला येवल्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून त्यांनी पाटी पाहिली, आणि पिशवीसकट रिक्षाने मखमलाबाद गाठलं.

ओट्यावर सुवर्णाची आई, गोजराबाई, फुलं निवडत होती. सर मान खाली घालून म्हणाले, "फार वाईट झालं हो. मला आधी कळायला हवं होतं."

आतून सुवर्णाने ऐकलं. सात मार्क सरांपर्यंत पोचले, अशी तिची खात्री पटली. ती बाहेर येऊन रडायलाच लागली. "सर, चुकलं माझं! मी सांगणार होते, पण लाज वाटत होती."

सर मटकन बाजेवर बसले. गोजराबाईने पाणी दिलं.

"तू... जिवंत आहेस?"

"सात मार्कांनी कोण मरतं सर?"

"कशाचे सात?" गोजराबाईने विचारलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. भिमाजी शेतातून आला, त्याने हाराची हकीकत ऐकली आणि उपरण्याने तोंड झाकलं.

"रोज हार इकतो मी सर. कोणाला कशाचा, मला नाय कळत व्हय? पण तवा डोक्यातच आलं नाय."

"आप्पा, राहू द्या," सुवर्णा म्हणाली.

"लोकं काय म्हनतील? बापानंच..."

"आप्पा, आधी मी खोटं बोलले." मग तिने सरांकडे न बघता विचारलं, "सर, तो फोटो उतरवाल का? त्याच्याखालून वर यायची लाज वाटते."

सरांनी विचार केला. "आत्ता उतरवला, तर लोकांची खात्रीच पटेल. हार काढतो. फोटो राहू दे. रविवारी तू ये. तोंड उघडं ठेवून."

रविवारी ती जिना चढली. वर्गात बोलणं थांबलं. एका मुलीने तिच्या दंडाला हात लावून खातरजमा करून घेतली.

"कुणाला शंका?" सरांनी विचारलं.

सुवर्णा उभी राहिली. कान तापले होते. "सर, इंटिग्रेशनच्या सुरुवातीला तो लांबुळका एस काढतात... तो कशाला असतो?"

आता हसतील, म्हणून तिने डोळे मिटले. कुणी हसलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा वर्गातल्या झाडून सगळ्यांनी पेनांची टोपणं काढली होती.

खाली भिमाजी समोरच्या दुकानात उभा होता, पाटीकडे पाठ करून. दुकानदार पुन्हा पुन्हा बघायला लागला, तेव्हा त्याने एक खोडरबर घेतलं.