कोपराचा कोन

सुमंत सरांनी संगमनेरच्या शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवली, आणि कोनाच्या व्याख्येत कुणी एक शब्द जरी इकडचा तिकडे केला तरी त्याचा मार्क कापला. आरंभबिंदू समान असलेले दोन किरण म्हणजे कोन. विषय संपला. एवढंसुद्धा पाठ होत नाही तर पुढे काय दिवे लावणार, असं ते भर वर्गात सुनवायचे. तेच सर मंगळवारी सकाळी कोनमापक हातात धरून घामाघूम झाले होते, आणि त्यांच्यासमोर संस्कृती तळहात पुढे करून, हात खाली सोडून उभी होती.

संस्कृती म्हणजे अकोले तालुक्यातल्या कारभारीची मुलगी, आणि कारभारी हा सरांचा जुना विद्यार्थी. पोरीनं दोन वर्षं पहाटे उठून घाट पळत काढला, निमलष्करी दलाच्या भरतीची लेखी काढली, मैदान मारलं आणि वैद्यकीय तपासणीत अडकली. हात सरळ सोडला की कोपरापासून पुढचा भाग जरा बाहेर जातो. तुमचा-आमचाही जातो. पण तिच्या भरतीत मुलींना वीस अंशांपर्यंतच चालत होतं, आणि तिचा भरला बावीस. फेरतपासणी शुक्रवारी होती. तीच शेवटची, कारण पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं.

सरांनी मोजलं, अठरा आले. हात्तिच्या, म्हणत ते खूश झाले. पण मास्तरकीची खोड जाते थोडीच! पडताळा म्हणून पुन्हा मोजलं तर तेवीस. तिसऱ्यांदा वीस. संस्कृतीचा चेहरा पांढराफटक पडला. यातला कुठला धरायचा, असं तिनं विचारलं, आणि सरांनी कोनमापक खाली ठेवलं.

कारण किरण होते कुठे? हाताला मांस असतं, रेघ नसते. शिरोबिंदू कोपरात आत कुठेतरी, आणि कोनमापकाचा मध्य बोटभर सरकला की आकडा बदलतो. तिनं एक्स-रे आणला होता, म्हणून सरांनी त्यावर पेन्सिल चालवली. पण हाडसुद्धा दुधीभोपळ्यासारखं, कुठे जाड, कुठे बारीक. मधोमध रेघ काढायची तर मध्य कुठला घ्यायचा? एका मध्यानं एकोणीस, दुसऱ्यानं बावीस. शिवाय त्याच दोन रेघांमध्ये एका बाजूनं एकशे अठ्ठावन्न अंश होतात, दुसऱ्या बाजूनं दोनशे दोन, आणि बावीस म्हणजे नुसती सरळ रेषेला पडलेली तूट. तिन्हींतला कोन कोणता, हे त्यांची लाडकी व्याख्या सांगतच नव्हती. इतकी वर्षं फळ्यावर किरण आपणच काढून दिले आणि वर पोरांना विचारलं, सांगा कोन किती. सरांना स्वतःचीच लाज वाटली.

दुपारपर्यंत त्यांनी एक रीत बसवली. कोपराच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात, त्यांच्या बरोबर मध्ये कोनमापकाचा मध्य धरायचा. वरची रेघ खांद्याच्या टोकापर्यंत, खालची मनगटाच्या मध्यापर्यंत. दहा वेळा मोजलं. एकोणीस किंवा वीस, त्यापुढे एकदाही नाही.

"खोटं काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांना नम्रपणे विनंती करायची, मध्य इथं धराल का म्हणून."

"आन् चिडले तर?"

चिडले तर काय, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. चिडत नाहीत गं, असं त्यांनी दडपून सांगितलं.

शुक्रवारी सरांच्या पत्नी सुनीतीबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, पण सर मोबाईलसमोरून हलले नाहीत. आपण पोरीला भलतंच शिकवून पाठवलं, ती तिथं शहाणपणा करायला जाईल आणि हातचंही घालवून बसेल, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पावणेदोनला फोन आला. वीस! पास!

सरांचे डोळे भरून आले. पण पलीकडे आनंदाचा आवाज नव्हता.

"सर, माझ्यामागं सोनईची निकिता हुती. तिचा हात माझ्यापरीस सरळ हाय. आमी आरशात शेजारी उभं राहून बघितलं हुतं. तिला एकवीस लिहिले."

निकितानं विनंती केली नव्हती. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी कोनमापक नेहमीच्या सवयीनं धरलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिचीही ही शेवटचीच तपासणी होती.

"ती बोलायचं म्हनती तुमच्याशी," म्हणत संस्कृतीनं फोन दिला.

"सर, हिचा वीस खरा हाय का?" आवाज अगदी शांत होता.

"खरा आहे."

"मग माझा एकवीस खोटा का?"

खोटा म्हणावं, असं सरांना फार वाटलं. त्या एका शब्दानं पोरीला तेवढाच धीर आला असता. पण जीभ रेटेना.

"नाही, बाळ. तोही खोटा नाही."

"मग घरी काय सांगू?"

सरांनी समोरचं कोनमापक उचलून खणात टाकलं. पलीकडे निकितानं फोन संस्कृतीकडे परत दिला.