तेविसावं शहर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमचं वर्तमानपत्र रस्त्यावर आलं. सातव्या पानावर, खाली उजवीकडे, हवामानाच्या चौकटीत बावीसऐवजी तेवीस शहरं होती. तेविसावं शहर शेजारच्या देशात होतं.

चौकट माझी. एकोणीस वर्षं मी ती करतो आहे आणि एकही चूक निघालेली नाही, असं मी लोकांना सांगत आलो. खरं कारण असं की ती कुणी वाचत नाही. मंत्रालयाने आमच्या कचेरीत बसवलेले वाचनसाहेब प्रत्येक पानाची ओळ न् ओळ वाचून शिक्का मारतात, शब्दकोडंसुद्धा सोडवून बघतात. हवामान तेवढं सोडतात. "ढगांना काय विचारायचं," असं ते एकदा म्हणाले होते, आणि मी नको तेवढा हसलो होतो.

चूक कशी झाली ते सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. मी चौकट रोज करत नाही. सोमवारी बसून गुरुवारपर्यंतच्या सगळ्या एकदम लावून टाकतो. तापमान आज एकोणीस, उद्या वीस. कोण कोर्टात जाणार आहे? या सोमवारी मंत्रालयातून बंद पाकीट आलं. नदीपलीकडचं एक शहर गुरुवारपासून आपल्या यादीत घ्यावं, तोवर कुणाशी बोलू नये. मी बायकोशीही बोललो नाही, आणि ते सोपं नव्हतं. मग गुरुवारच्या चौकटीत ते शहर घातलं, आणि गुरुवारची चौकट मंगळवारच्या पानात लावली.

लष्कर नदी ओलांडणार होतं गुरुवारी पहाटे. मी मंगळवारीच ओलांडली, एकट्याने, कमाल तापमान एकवीस.

नऊ वाजता पलीकडच्या रेडिओने आमची चौकट शब्दशः वाचून दाखवली. वाऱ्याचा वेगही वाचला. माझं लिखाण आजवर इतकं मन लावून कुणी वाचलं नव्हतं. साडेनऊला त्यांनी नदीवरचा पूल बंद केला आणि त्याखाली सुरुंग लावल्याचं जाहीर केलं.

दहाला संपादकांनी बोलावलं. केबिन संपादकांची, पण खुर्चीत वाचनसाहेब होते आणि संपादक उभे.

"उद्या दुरुस्ती छापू या," मी म्हणालो. "दोन ओळी."

मी त्यांचं राहतं घर नावावर करून मागितल्यासारखं संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. नेते सत्तेवर आल्यापासून आमच्या पेपरात एकही दुरुस्ती आलेली नाही. पेपर सरकारचा, आणि सरकार चुकत नाही. एकदा धरणाच्या उद्घाटनाची बातमी आम्ही एक दिवस आधी छापली, तर मंत्री अंगात ताप असताना उठून गेले आणि फीत कापून आले. बातमी खरी झाली. तेव्हा आम्ही चहा पिता पिता पोट धरून हसलो होतो.

"वर बोलणं झालंय," वाचनसाहेब म्हणाले. "पेपर चुकलेला नाही. शहर आजच आपलं होतंय. रात्री नऊला."

"पण पुलाखाली सुरुंग आहेत."

"असं त्यांचा रेडिओ म्हणतो. तुम्ही ऐकता वाटतं?"

मी मान हलवली. हो की नाही ते कळणार नाही अशी मान हलवणं मला चांगलं जमतं.

अकरा वीसला घरून लेकीचा फोन आला. जावई शाळेची बस चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याला लष्करात उचललं, तेव्हापासून तो त्यांचा ट्रक चालवतो आणि लेक आमच्याकडे असते.

"बाबा, ह्यांचा फोन आला होता. गुरुवारचं आज आणलंय म्हणे. पुलाच्या रांगेत ह्यांची गाडी तिसरी आहे."

"सुरुंगाचं कळलंय त्यांना?"

"कळलंय. म्हणाले, पेपरात ज्या गाढवाने हे छापलं तो भेटला तर चाकाखाली घालीन."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुम्ही तिथेच असता ना? कुणी केलं ते कळेल तुम्हाला?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

लग्नाच्या वेळी मी बायकोला म्हणालो होतो, हा मुलगा कुठेच वेळेवर पोहोचायचा नाही. आता मी त्याच एका गुणावर भिस्त ठेवून होतो.

तरीही दुपारभर मी दुरुस्ती लिहिली. पहिल्या मसुद्यात दोष छपाईयंत्राला दिला. वाचनसाहेबांनी कागद परत केला. "यंत्र सरकारी आहे." दुसऱ्यात 'तांत्रिक कारणाने' असं लिहिलं. तांत्रिक कारण हा आमच्या कचेरीतला सर्वांत जुना कर्मचारी. तोही परत आला. "कारण कुणाचं, ते लिहा."

तेव्हा उजेड पडला. पेपर चुकू शकत नाही, माणूस चुकू शकतो. तिसरा मसुदा एका वाक्याचा होता. 'मंगळवारच्या अंकात एक परदेशी शहर माझ्या निष्काळजीपणाने आपल्या यादीत छापले गेले.' खाली माझं नाव. वाक्याला दोन मिनिटं लागली, नावाला दीड तास. आपलं नाव एकदा तरी छापून यावं, ही माझी जुनी हौस होती.

"शिक्षा माहीत आहे?" वाचनसाहेबांनी विचारलं.

"सात वर्षं."

"अकरा. मागच्या महिन्यापासून. आपल्याच पेपरात आलंय, चौथ्या पानावर."

"आणि हे मान्य झालं तर गाड्या थांबतील?"

"चूक पेपरची नाही, माणसाची, असं वर ठरलं तर आजच्या घाईला कारण उरत नाही. ठरवणारा मी नव्हे." त्यांनी फोन लावला, कागद वाचून दाखवला. पलीकडून एकच शब्द आला, थांबा. तेव्हा पाच पन्नास झाले होते.

साडेसहाला मी घरी फोन करून बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे ते गाढव तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"पोरीला मी सांगू की तुम्ही सांगताय?"

"जावई परत आले की मीच सांगेन."

"आणि नाही आले तर?"

तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. मागे लेक कुणाला तरी पाणी हवं का विचारत होती.

सातवं पान आठ वाजता छपाईला जातं. दुरुस्तीसह एक आणि दुरुस्तीशिवाय एक, अशी दोन पानं मी लावून ठेवली आहेत. दोन्ही वाचनसाहेबांसमोर आहेत. शिक्का त्यांच्या हातात आहे, कानाला फोन आहे, फोनवर कुणी बोलत नाही. सात बावन्नला लेकीकडून मिळालेल्या माहितीनुसार गाड्या पुलाच्या अलीकडेच आहेत आणि त्यांची इंजिनं सुरू झाली आहेत.