भित्रं घड्याळ

हे घड्याळ ज्याने बनवलं त्या माणसाला एकदा समोर बसवून विचारायचंय, की बाबा रे, दोनच बटणं का? एक दाबलं की पुढे जातं. तेच दाबून धरलं की आत शिरतं. दुसरं दाबलं की मागे येतं, आणि चुकून दोन्ही दाबली गेली की सगळं पहिल्यापासून. माझं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. वीस मजल्यांच्या इमारतीत वीस बटणं असतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण घड्याळवाल्यांना सुबकपणाचा सोस. भोगायचं कुणी? तर चष्म्यावर भिंग धरून बसणाऱ्या म्हाताऱ्याने.

तसं ते नुसतं घड्याळ नाही. पाण्याखाली जाणाऱ्याच्या मनगटावरचा छोटा कॉम्प्युटर आहे. तुम्ही किती खोल आहात, तिथे अजून किती वेळ थांबू शकता, वर किती सावकाश यायचं, सगळं तो सांगतो. खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात मुरत जातो. घाईने वर आलात तर सोड्याची बाटली फसकन उघडल्यासारखं अंगात होतं, आणि मग हातपाय लुळे पडण्यापासून मरेपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून वर येताना वाटेत बोटीच्या नांगराच्या दोराला धरून लटकत थांबायचं आणि घड्याळ जा म्हणेल तेव्हाच जायचं. माझं जुनं घड्याळ आत पाणी जाऊन मेलं. नवं घेतलं, कारण टिटवी येणार होती.

टिटवी म्हणजे माझी लेक. लहानपणी घर डोक्यावर घ्यायची, म्हणून ते नाव पडलं. आता लांबच्या शहरात नोकरी करते, लग्न झालंय, आणि फोनवर इतकं मोजकं बोलते की नाव बदलावं लागेल. पाण्यात उतरायला तिला मीच शिकवलं. तिची आई असताना आम्ही दोघं बुडालेल्या जहाजावर जायचो आणि ही बोटीत बसून आमच्या नावाने खडे फोडायची. आई गेली, लेक सासरी गेली, आणि घरात मी आणि फ्रीजची घरघर एवढेच उरलो. एकट्यासाठी रांधलं तरी भांडी दोघांएवढी पडतात हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी रेडिओ लावतो. बातम्या सांगणारी बाई "नमस्कार" म्हणते आणि मी पण म्हणतो. हसू येईल कुणाला, पण म्हणतो.

महिन्यापूर्वी तिचा फोन आला. "बाबा, चार दिवस येतेय."

"जावई?"

"तो कामात आहे. मी एकटीच."

"मग जहाजावर जाऊ," मी म्हणालो. काय बोलावं सुचलं नाही की मी जहाजाचं बोलतो.

"जाऊ की," ती म्हणाली. "सुकाणूघर बघायचं राहिलंय माझं."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. तिच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडून साफ केला. पोशाखाच्या चेनला मेण लावलं. ती आली तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर नळ्या, पक्कड, पुसायची फडकी असा पसारा होता आणि मधोमध मी, घड्याळ घेऊन. तिने बॅग ठेवली आणि म्हणाली, "वर्कशॉपमध्येच आले म्हणायची."

तारीख लावली. वेळ लावली. फूट होते त्यांचे मीटर केले. पाणी गोडं की खारं, हे घड्याळाने विचारलं, खारं म्हणून सांगितलं. खाऱ्या पाण्याचं वजन जास्त, त्यामुळे खोलीचा हिशोब बदलतो. टाकीत कुठली हवा, तर साधी. किती खोल गेलं की ओरडायचं, ते सांगितलं. या सगळ्यात दोन दिवस गेले, कारण प्रत्येक वेळी शेवटाला आलो की बोट घसरायचं आणि दोन्ही बटणं दाबली जायची.

टिटवी दारात येऊन उभी राहायची.

"बाबा, चहा टाकू?"

"टाक ना."

"बसू का जरा?"

"बस की. हे बघ, आता इथे धरून ठेवलं ना, की आत जातं."

ती बसायची. मी तिला एकेक पायरी समजावून सांगायचो. तिने मान हलवली की मला बरं वाटायचं. खरंतर इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चहा निवायचा, ती कप विसळून ठेवायची आणि फिरायला जाऊन यायची.

तिसऱ्या दिवशी मी शेवटच्या सेटिंगला पोचलो. त्याला माहितीपुस्तकात लांबलचक नाव होतं, आमच्यात त्याला सरळ काळजी म्हणतात. शून्य, एक आणि दोन. धडधाकट माणसाने शून्यावर ठेवायचं. वय झालंय, वजन वाढलंय, थंडी सोसत नाही, तर एक. दोनवर ठेवलं की घड्याळ अगदी भित्रं होतं. खाली थोडकाच वेळ देतं, आणि त्यापुढे जरा रेंगाळलात की दोरावर कितीतरी वेळ लटकवून ठेवतं. डॉक्टरांनी नुकतंच तपासून मला ठणठणीत म्हटलं होतं. एक पुरेसा होता.

पण पाण्यात जोडीने उतरायचं असतं, आणि जोडीचा एक नियम असतो. दोघांपैकी ज्याचं घड्याळ जास्त भित्रं, त्याचं दोघांनी ऐकायचं. एकाला मोकळीक मिळाली तरी तो दुसऱ्याला सोडून वर जात नाही.

मी बटणावर बोट ठेवून बसलो. दोरावर काही करायचं नसतं. खाली जहाज असतं, मासे असतात, माणूस इकडेतिकडे बघत राहतो. दोरावर फक्त निळं पाणी आणि समोर एकमेकांची तोंडं. उद्या दुपारी वर आल्यावर सामान धुवायचं, आणि संध्याकाळच्या बसने ती जाणार. पुन्हा कधी येईल देव जाणे. तिला माझ्यासमोरून उठून जाता येणार नाही अशी थोडी मिनिटं मला हवी होती. मी दोन आकडा आणला आणि बटण दाबलं. या वेळी बोट घसरलं नाही.

सकाळी बोटीवर कप्तान भेटला. बोट त्याचीच, तीही डगडगणारी, पण त्याला कप्तान म्हटलेलं आवडतं. "आज जोडी जमली म्हणायची," तो म्हणाला. "नाहीतर हे मला पकडतात. मला यांच्या गप्पा आवरत नाहीत."

"बाबांच्या? गप्पा?" टिटवीने माझ्याकडे बघितलं. मी टाकीचा पट्टा ओढत राहिलो.

पाणी स्वच्छ होतं. जहाज एका कुशीवर पडलंय, सुकाणूघर पार मागच्या टोकाला. टिटवी पुढे आणि मी तिच्या मागे. तिची पोहायची ढब थेट आईसारखी आहे, गुडघ्यात जराही न वाकता. माझ्या मनगटावरचे उरलेल्या मिनिटांचे आकडे भराभर उतरत होते. सुकाणूघराची खिडकी दिसायला लागली, तिने वळून मला हात केला, या म्हणून, आणि नेमकं तेव्हा माझं घड्याळ किंचाळलं. पाण्यात आवाज सगळीकडून येतो. तिने आपलं घड्याळ बघितलं. तिला अजून भरपूर वेळ होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. आमच्या खुणेत त्याचा अर्थ चला वर.

ती खिडकीपासून चार हातांवर होती. क्षणभर तशीच तरंगत राहिली. मग वळली.

ही किंमत मी हिशोबात धरलीच नव्हती. म्हणजे खाली वेळ कमी मिळणार हे माहीत होतं, पण तो वेळ तिचा असेल हे डोक्यात आलं नाही. सवयच राहिली नव्हती दुसऱ्या कुणाचा वेळ धरायची. मनात शरमलो, आणि त्या शरमेत आणखी रेंगाळलो, म्हणून घड्याळाने शिक्षाही वाढवली.

दोरावर आलो. माझं घड्याळ म्हणालं, नऊ मिनिटं. तिचं तीन मिनिटांत मोकळं झालं. नियमाप्रमाणे ती थांबली.

समोरासमोर लटकलो. जे मागितलं ते मिळालं होतं. तोंडात रबर, नाकावर काच, आणि बुडबुड्यांचा आवाज. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती थकलेली दिसली. प्रवासाने येतो तसा थकवा नव्हता तो. खालच्या पापण्यांजवळ काळं धरलं होतं. चार दिवस माझ्याच टेबलाशी बसलेल्या लेकीचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघत होतो, आणि विचारायला तोंड मोकळं नव्हतं.

मग तिने माझं मनगट धरलं आणि घड्याळ स्वतःकडे फिरवलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात काळजीचा आकडा दिसतो. तिने तो बघितला आणि हात सोडला.

बोटीवर चढून तोंडातलं रबर काढलं तोच तिने विचारलं. "दोनवर का ठेवलंत?"

"डॉक्टरांनी..." माझ्या तोंडून निघून गेलं.

ती पांढरीफटक पडली. "काय म्हणाले डॉक्टर? कधी? मला का नाही सांगितलंत?" आणि मी उत्तर जुळवायच्या आत कप्तानाकडे वळली. "यांना आता पाण्यात उतरवायचं नाही. कितीही मागे लागले तरी नाही. मला शब्द द्या."

कप्तानाने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं उतरवतोय मला, माझी छाती किती मजबूत आहे ते त्याला ठाऊक. पण तो नांगर ओढायला निघून गेला. मी गप्प बसलो असतो तर माझं पाण्यात उतरणंच कायमचं सुटलं असतं. शिवाय तिच्या जिवाला घोर लागला असता, तो वेगळाच.

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत," मी म्हणालो. "ठणठणीत आहे मी. तू दोरावर थोडी जास्त थांबावीस म्हणून ठेवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. तू आज जाणार. मला वाटलं, तेवढीच जरा सोबत."

ती रागावेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. सुकाणूघर बघायचं राहिलं होतं तिचं. पण ती रागावली नाही. माझ्याशेजारी फळीवर बसली, ओल्या पोशाखातच.

"बाबा, चार दिवस मी घरातच होते," ती म्हणाली. "रोज तुमच्यासमोर येऊन बसत होते. तुम्ही त्या घड्याळातून मान वर काढली नाहीत."

"तुझ्यासाठीच तर चाललं होतं सगळं."

"माहीत आहे. म्हणून तर काही बोलता येईना."

बोट धक्क्याकडे निघाली. एरवी या वेळी मी नळ्या गुंडाळतो, टाक्या बांधतो. हात सारखे तिकडे जात होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो. हाताला काम नसलं की मला बोलायला सुचत नाही, पण सुचेपर्यंत थांबलो असतो तर बस आली असती.

"काय बोलायचं होतं?" मी विचारलं.

तिने ओले केस पिळले.

"आम्ही वेगळे झालो," ती म्हणाली. "उन्हाळ्यातच. भांडण वगैरे काही नाही. तो गेला. मी एकटी राहते आता."

जावयाला शिव्या घालाव्यात असं क्षणभर वाटलं, पण त्याने काय झालं असतं? उन्हाळ्यापासून मी तिला दर रविवारी फोनवर विचारत होतो, जावई कसे आहेत. दर रविवारी ती म्हणत होती, कामात आहेत.

"मला सांगायचं नाहीस का गं?"

"सांगायलाच आले होते. आणि एक विचारायचं पण होतं." ती समोर पाण्याकडे बघत होती. "संध्याकाळी घरी गेलं ना बाबा, की कुलूप उघडताना हात थांबतो माझा. आत जाववत नाही. कधीकधी जिन्यातच बसून राहते. मग तुमची आठवण येते. आई गेल्यावर तुम्ही किती सहज निभावलंत. कधी तक्रार नाही, कधी फोन करून रडगाणं नाही. आपले आपल्या कामात. मी सगळ्यांना सांगते, आमचे बाबा एकटे काय मजेत राहतात बघा." ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कसं जमलं ते विचारायचं होतं. म्हणजे मलाही जमेल."

कप्तानाने इंजिन बंद केलं होतं. बोट आपोआप धक्क्याला लागत होती. लेक उत्तराची वाट बघत होती, लहानपणी गणित अडलं की बघायची तशीच. बापाला येत असणारच, या खात्रीने.

"मला नाही जमलं, बाळा," मी म्हणालो. "अजून नाही जमलं."