पाच दगडांची उतरंड

गाडीतून उतरल्यावर गुणाबाईंनी आधी समुद्राला हात जोडले, मग डोंगराला. रेणापूरहून निघताना वाटलं होतं, नॉर्वे म्हणजे नुसता बर्फ. इथे तर डोंगर थेट पाण्यातून वर आलेला, अंगभर हिरवा. या दिवसांत इथे सूर्य मावळतच नाही म्हणे. गुणाबाई सांजवात रेणापूरच्या घड्याळावर लावत होत्या.

"अण्णा, तीन तासांत माथ्यावर," शिवम म्हणाला.

"त्या तीन तासात माझे गुडघे धरले न्हाईस तू," व्यंकटराव म्हणाले.

ते हसले, म्हणून गुणाबाईंना बरं वाटलं. चार दिवस ते हसले नव्हते. येत्या शुक्रवारी शिवम इथल्या फ्लॅटच्या कागदांवर सही करणार होता. ऐकून ते एवढंच म्हणाले, "चांगलं हाय." तेव्हापासून जेवताना त्यांची नजर ताटातून वर आली नव्हती. लेक आता परत येत नाही, हे दोघांनाही कळलं होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

निम्म्या वाटेवर व्यंकटराव एका सपाट खडकावर बसले. "जावा तुम्ही. मी दर्या बघत बसतो."

"इथून हलायचं न्हाई बरं का, अण्णा."

"हलायला इथं काय रेणापूरची बस लागलीया?"

वर जाताना गुणाबाईंना वाटेच्या कडेला दगडांचे ढीग दिसू लागले. एकावर एक नीट रचलेले, आठ-दहा पावलांवर एकेक. त्यांचा जीव हरखला. माहूरच्या डोंगरावर बाया अशाच उतरंडी रचतात, देवीकडे घर मागतात. सासूबाईंनी रचायला लावली होती तेव्हा तिसऱ्या वर्षी त्यांचं स्वतःचं स्लॅबचं घर उभं राहिलं होतं. म्हणजे या लोकांतही ही रीत आहे! प्रत्येक ढिगाला त्या मनातल्या मनात नमस्कार करत गेल्या.

एका वळणावर शिवम फोटो काढत पुढे गेला. गुणाबाई वाट सोडून चार पावलं कडेला सरकल्या, जिथून समुद्र स्वच्छ दिसत होता. पाच दगड वेचले. मोठा खाली, लिंबाएवढा सगळ्यांत वर. कनवटीच्या पुडीतलं कुंकू त्याला लावलं. 'आई, माझ्या लेकराचं घर आमच्या उंबऱ्याजवळ होऊ दे.' नवस पुरा होईतो बोलून दाखवायचा नसतो. शिवमने हाक मारली तशा त्या मुकाट्याने वाटेला लागल्या.

माथा हाताशी आला आणि समुद्रावरून धुकं चढलं. बघता बघता दहा पावलांपलीकडचं दिसेना.

"माय, फिर मागं. माझ्या पाठीपाठी ये. ही दगडं दिसत्यात न्हवं? एका ढिगाकडून दुसऱ्याकडं जायचं."

"का रे?"

"वाटेच्या खुणा हायत त्या. धुक्यात लोक त्यांच्यावरच चालत्यात."

"घरासाठी रचल्याली न्हाईत?"

"कसलं घर? भलत्या ढिगानं माणूस वाट चुकतो, म्हणून तर इथं कुठंबी दगड रचू देत न्हाईत."

 उतरताना गुणाबाई आपली उतरंड शोधत राहिल्या, पण धुक्यात ते वळण कधी मागे पडलं, कळलं नाही. ते खडकावरच बसलेत, असं त्या मनाशी घोकत होत्या.

खडकावर पाण्याची बाटली होती. व्यंकटराव नव्हते.

शिवम खालच्या वाटेकडे धावला, तसा गुणाबाईंनी त्याचा हात धरला. "खाली न्हाई. ते मला बघायला वर आले असतील. कडंला एक उतरंड हाय. मी रचलीया."

शिवमने एकदाच आईकडे पाहिलं.  फोन लावतच वर निघाला.

प्रत्येक वळणाची कड धुंडाळत गेल्यावर ते वळण सापडलं. उतरंड जागेवर होती. तिच्यापुढे हातभर गवत आणि मग तुटलेला कडा.

"आवं!" गुणाबाई ओरडल्या. "ऐकलं का?"

बऱ्याच खालून आवाज आला. "हाय... हाय मी."

शिवम उतरू बघत होता. पायाखालचे दगडच सरकत होते. फोनवरचा मदतपथकाचा माणूस बजावत होता, उतरू नका, आम्ही येतोय, धुक्यात हेलिकॉप्टर उडत नाही, पायी येतोय. त्यांना बोलतं ठेवा.

"कशाला उठलात हो तिथून?"

"धुकं पडलं. म्हणलं तू भिशील." मग कण्हणं, मग पुन्हा आवाज. "ते कुंकू दिसलं. वर ल्हान दगड. म्हणलं ही गुणाच. इकडंच गेली असंल."

गुणाबाईंनी पदर तोंडात धरला.

"काय मागितलंस गं?"

शिवम शेजारीच गुडघे टेकून बसला होता. गुणाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्याचं घर. आपल्यापाशी."

 खालून हळूच, "त्याला... इचारायचं तरी."

"अण्णा, येतो मी," शिवम ओरडला. "येतो ना रेणापूरला. ऐकलं का, अण्णा?"

"हाव."

मग गुणाबाई काहीबाही विचारत राहिल्या. विहिरीची मोटार कुणाला सांगून आलात? गाईला कडबा कोण टाकतंय? प्रत्येकाला "हाव" येत होतं, दर वेळी थोडं उशिरानं. दोर घेऊन लाल जाकिटातली माणसं पोहोचली, तेव्हा "हाव" थांबून खूप वेळ झाला होता.

माणसं खाली उतरत होती. त्यांच्यातल्या एकाने उतरंडीकडे बघून ती कुणी रचली, असं शिवमला विचारलं.  तो माणूस ती पाडायला वाकला, तसा गुणाबाईंनी हात आडवा केला.

एकेक दगड त्यांनी स्वतः उचलला आणि लांब नेऊन जमिनीशी आडवा ठेवला. शिवम मदतीला आला, त्याला नको म्हणाल्या. शेवटी तो लिंबाएवढा तेवढा हातात उरला. धुक्याने कुंकू ओलं होऊन दगडात मुरलं होतं. कड्याखालून दोर ओढल्याचा आवाज येत होता, आणि गुणाबाई पदराने तो दगड पुसत होत्या, पुसतच होत्या. लाल काही निघत नव्हतं.