डावा खांदा

सात त्रिक एकवीस.

पळसाचं पान, लोणी, हळद.

बैल हाकायची तुतारी. टोकाला लोखंडी आर, आरेवर गंज.

नाल्याच्या पुलावर मोटारसायकल गिअर बदलते. एकदा बदलला तर ठीक. दोनदा बदलला तर लेकराने गोठ्यात जावं.

तिळाचं तेल, अर्धा लिटर, कोमट करून.

सात चोक.

आता हे सगळं एका दोरीत ओवू.

रिठदच्या पंजाबरावाला मृगाच्या तोंडावर झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द जिभेवर येऊन फसू लागले. पेरणी डोक्यावर. बायको कस्तुराबाई घरात बसली तर शेत कोण पाहणार? म्हणून मालेगावात दिलेल्या लेकीला, वैष्णवीला, बोलावणं गेलं. "तीन महिने राह्य बाई," कस्तुराबाई म्हणाली. "पोळ्यापावतर."

वाशीमच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी वैष्णवीला तेल चोळायचं दाखवलं. खांद्यापासून बोटांपर्यंत यायचं, मग एकेक बोट उघडायचं, मिटायचं.

"पहिले तीन महिने चुकवू नका," मॅडम म्हणाल्या. "मेंदूला हा हात नव्याने शिकवावा लागतो. वेळ गेली की शिकवणं फार कठीण."

वैष्णवीने विचारलं, "लहान लेकराचंही असंच असते का, मॅडम? शिकायच्या वयात घरात रोज मारहाण असली तर?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरंचसं असंच. लेकरू सगळा वेळ धोक्याकडे कान लावून बसतं. अभ्यासाला डोकं उरतच नाही."

एस.टी.त खिडकीशी बसून वैष्णवी ते वाक्य चघळत आली. वीस वर्षं गाव तिला ढ म्हणत आलं. 'डोक्यात भुसा हाय,' हे बापाचं आवडतं वाक्य. पण त्याच पोरीला पुलावरच्या गिअरवरून कळायचं बाप किती पिऊन आलाय, चपला कशा काढतो त्यावरून कळायचं आज मायचं काय होणार. डोकं रिकामं कुठं होतं? ते राखणीला बसलं होतं.

पोळ्याला बैलाला तुतारी लावायची नाही, ही रीत. त्या दिवशी ती काठी भिंतीला टेकून उभी असे. लहानग्या वैष्णवीने हिशेब मांडला होता की काठीला सुट्टी म्हणजे मायलाही सुट्टी. तिसरीतल्या पोळ्याला ती निर्धास्त ओट्यावर पाढे म्हणत बसली. सात एके, सात दुणे, सात त्रिक एकवीस, सात चोक... आणि भिंतीजवळची काठी बापाच्या हातात तिच्या शेजारून चुलीकडे गेली. बैलावर उगारायची नव्हती, म्हणून दिवसभराची सगळी मायवर उतरली. सात चोकच्या पुढे ती पोरगी कधी गेलीच नाही.

तर वाशीमहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने तेल कोमट केलं, बापासमोर पाट मांडला आणि चोळायला घेतलं. डावा हात.

पंजाबरावाने डोळ्यांनी उजवीकडे दाखवलं. "इ... इकडचा."

"मले समजते, बाबा." तिने धडधाकट बोटं एकेक करून उघडली, मिटली. "तुमी पाढे म्हना. जीभ मोकळी होते म्हनत होत्या मॅडम. सात चोक?"

"सात... चो..."

"काहून, बाबा? डोक्यात भुसा हाय काय?"

ती हे इतक्या मायेने म्हणाली की अंगणातून येणाऱ्या रामधनकाकाला हसू फुटलं. शेजारचा म्हातारा तो, रोज चक्कर टाकायचा. "पंजाबराव, नशीबवान हा तुमी! कशी सेवा करून राह्यली पोरगी!"

पंजाबरावाने सगळा जीव तोंडात आणला. "पोर... पोरगी... डा..."

"हो हो, देवीच हाय पोरगी," रामधन म्हणाला. "रडू नका आता. चहा मांड व बाई."

आषाढ गेला. दोन वेळा तेल, दोन वेळा पाढे, एकदाही नागा नाही. डावा हात तुकतुकीत झाला. उजव्याची बोटं आत वळत गेली, वाळल्या पानासारखी. कस्तुराबाई संध्याकाळी निंदणावरून येई, रिकामी होत चाललेली बाटली पाही, मग नवऱ्याचे दोन्ही खांदे पाही. मायने एक शब्द विचारला असता तर वैष्णवीने उजवा हात चोळायला घेतला असता. बापासाठी नाही, मायसाठी. श्रावणात कस्तुराबाई रिसोडच्या बाजारातून तेलाची दुसरी बाटली घेऊन आली आणि कोनाड्यात ठेवून दिली. तेवढ्याने काय समजायचं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपार कलताना बैलांची खांदशेकणी. तीस वर्षं हे काम पंजाबरावाचं होतं. या वर्षी तो ओट्यावर खुर्चीत बसून पाहत होता आणि कस्तुराबाई पळसाच्या पानाने बैलांच्या मानेला, खांद्यांना हळद-लोणी चोळत, रीतीप्रमाणे त्यांना उद्याचं निमंत्रण देत होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पानावर थोडं लोणी उरलं. ते घेऊन ती ओट्यावर चढली, नवऱ्यासमोर उभी राहिली. त्याने मान कशीबशी उजवीकडे वळवली, लुळा खांदा पुढे करायचा प्रयत्न केला. "कस्तु... इ... इकडं..."

वैष्णवीने हातातली आरती खाली ठेवली.

कस्तुराबाईने त्याचा सदरा सारला आणि डाव्या खांद्याला लोणी लावलं. हळूहळू, जिरेपर्यंत.

"आवतन घ्या," ती म्हणाली. "उद्या पोळा हाय. उद्या कोनाले मारत नाहीत."

मग तिने पान बैलापुढे टाकलं, भिंतीजवळची तुतारी गुडघ्यावर मोडली आणि पुरणाच्या चुलीत घालण्यासाठी दोन्ही तुकडे लेकीच्या हातात दिले.

वैष्णवीच्या तिसरीच्या निकालपत्रावर गणितात पन्नासपैकी चार गुण आहेत, आणि खाली पालकाची सही पंजाबरावाची, ठसठशीत, उजव्या हाताची.